दीड वीत

आकाशवाणीवर मी आजवर आलो तो कविता वाचायला. आज मात्र एका लोखंडी प्लेटची गोष्ट सांगणार आहे. प्लेट म्हणजे जेवायची नव्हे. सहा मिलिमीटर जाडीची, हिरवा रंग दिलेली, वैनगंगेतल्या एका बोटीत सहा बोल्टांवर बसवलेली प्लेट.

आधी माझी थोडी ओळख. मी वडशाचा. सरकारी कागदावर गावाचं नाव देसाईगंज, पण रेल्वे स्टेशनवर आणि लोकांच्या तोंडी वडसाच. अब्बांचं वेल्डिंगचं आणि लेथचं दुकान होतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, दोन वर्षं नोकरीचे अर्ज केले आणि मग अब्बांच्या शेजारी लेथवर उभा राहिलो. अजून तिथंच उभा आहे. राईस मिलच्या पुल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हुक, बोअरच्या पंपाचं काय काय. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो, तेव्हा स्टेजचे पाईप आणि पडद्यांच्या चौकटी. कविता रात्री, शटर ओढल्यावर.

आमच्याकडे नदी हा रस्त्याचाच एक भाग आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते, गोंदिया, भंडारा करत आमच्याकडे येते आणि पुढं वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तेव्हा बऱ्याच लांबीपर्यंत हीच नदी दोन जिल्ह्यांची हद्द ठरली. नकाशावर हद्द ठरली, पण माणसांचे व्यवहार काही एका काठावर थांबले नाहीत. कोणाचं घर या काठाला आणि मजुरी त्या काठाला. कोणाची लेक पलीकडं दिलेली. पूल आहेत, पण पुलापर्यंत जायचं तर कित्येक गावांना मोठा वळसा पडतो. मग उरतो डोंगा. झाडाचं खोड कोरून केलेला, बांबूनं रेटायचा.

हा प्रवास गमतीचा नाही. पावसाळ्यात पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची दारं उघडली की खाली आमच्याकडं पाणी चढतं. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटी आलेला पूर ब्रह्मपुरी आणि वडसा भागातली माणसं विसरलेली नाहीत. आणि पूर नसतानाही नदी माणूस नेते. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली. हिवाळ्याची सकाळ, रोजचाच मार्ग. त्यातल्या काही जणी घरी परतल्या नाहीत. त्या दिवशी आमच्या बाजारात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मी ज्या बोटीबद्दल बोलतो आहे ती याच नदीवरच्या एका गावातली. गावाचं आणि माणसांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनाही ते नको आहे. तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीनं एक जुनी फायबरची बोट घेतली. पूर्वी ती कुठल्याशा जलाशयावर पर्यटकांना फिरवायची. मागं टांगलेलं इंजिन, पुढं गोल चाक, एक गादीची बैठक आणि उजव्या भिंतीवर गियरचा आणि रेसचा एकच दांडा. इंग्रजीत ज्याला थ्रॉटल म्हणतात त्याला आमच्याकडं रेसच म्हणतात, मग ती मोटारसायकलची असो की बोटीची. बोट मासेमारीसाठी घेतली होती. पण रात्री गावात एखादी बाई अडली, किंवा कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की तीच बोट ॲम्ब्युलन्स. पलीकडच्या काठावर गाडी येऊन उभी राहते आणि तिथवर न्यायचं काम बोटीचं.

बोट चालवायचे ते मामा. गावातले सगळेच त्यांना मामा म्हणतात. जातीनं ढिवर, म्हणजे नदी त्यांच्या घरातलीच. लहानपणापासून डोंगा, मग ही बोट. वाळू कुठं सरकली, कुठला खडक कुठल्या महिन्यात पाण्याखाली जातो, धुक्यात काठ कुठं आहे हे कसं ओळखायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कुठं लिहिलेलं नाही.

मोहाच्या दिवसांत मामा फुलं वेचायला जंगलात गेले. आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात लोक मोहाखाली जातात, कारण फुलं रात्रीतून गळतात आणि उशीर झाला तर गुरं आणि हरणं खाऊन टाकतात. आणि तेच फूल अस्वलालाही आवडतं. माणूस वाकलेला, अस्वल वाकलेलं, दोघांचंही लक्ष जमिनीकडं. वाघापेक्षा आमची माणसं अस्वलाला जास्त भितात, ते उगाच नाही. वाघ बहुधा वाट सोडतो. अस्वल दचकलं की अंगावर येतं.

मामा वाचले. डोळे वाचले, चेहरा बराचसा वाचला, पण उजवा खांदा आणि कोपर फाटला. कित्येक महिने दवाखान्यात आणि घरी गेले. हाताचा पंजा चांगला राहिला, मूठ वळते, जोरही आहे. पण हात खांद्यातून बाजूला उघडत नाही आणि कोपरातून पूर्ण सरळ होत नाही. ताटातला घास तोंडापर्यंत येतो, पण खुंटीवरचा सदरा काढता येत नाही.

बोट सुरू करायला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भिंतीवरच्या दांड्यापर्यंत हात पोचत नाही. अंग वळवून, बैठकीवरून अर्धं उठून तो धरावा लागे, आणि तेवढ्या वेळात डाव्या हातातलं चाक हलून जाई. सोसायटीत चर्चा झाली. सचिव काही वाईट माणूस नव्हता, पण त्यानं जे कोणीही म्हणेल तेच म्हटलं. दुसरा चालक ठेवू. मामांनीच शिकवलेला एक पोरगा होता, त्याला बसवू. मामांनी जाळी सांभाळावीत.

एक दिवस दुपारी मामा दुकानात आले. मी त्यांची शेतातली इंजिनं पूर्वी दुरुस्त केली होती. त्यांनी चहा घेतला, बराच वेळ लेथकडं बघत बसले, आणि म्हणाले, "मिस्त्री, हात पुरत नाई गा. थोडासाच पुरत नाई."

मी विचारलं, "किती?"

त्यांनी डाव्या हाताची वीत टेबलावर ठेवली, मग अर्धी वीत आणखी पुढं. "एवढं."

दीड वीत. माझ्या टेपनं तेरा इंच भरले.

मी दुसऱ्याच दिवशी बोट बघायला गेलो. पहिला विचार कोणालाही येईल तोच आला. उजवा हात अधू आहे ना, मग दांडा डाव्या बाजूला घेऊ. मामांनी मान हलवली. डावा हात चाकावर पाहिजे, कारण चाक फिरवायला हात उंच जावा लागतो आणि उजवा उंच जात नाही. उजव्या हाताला जे जमतं ते एवढंच. कोपर बरगडीला टेकवून पंजा मांडीच्या थोडा वर ठेवायचा आणि पुढं-मागं करायचा. म्हणजे दांडा भिंतीवरून काढून त्यांच्या मांडीजवळ आणायला हवा होता.

इथं हा दांडा काम कसं करतो ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही, आणि पुढची गंमत माझ्याच फजितीची आहे.

मोटारसायकलची मूठ पिळली की रेस वाढते, हे सगळ्यांना माहीत आहे. बोटीला टांगायचं असं इंजिन अमेरिकेत ओले एविनरूड नावाच्या कारागिरानं १९०९ च्या सुमारास बाजारात आणलं. जन्मानं तो नॉर्वेचा. त्या काळी चालक इंजिनाजवळच बसे आणि इंजिनाचाच दांडा धरून बोट वळवी. आजही लहान बोटी तशाच चालतात. पण चालकाला पुढं चाकाजवळ बसवलं, की इंजिन दहा-बारा फूट मागं राहतं. मग हात आणि इंजिन जोडणार कोण? तर वायर. दांड्याच्या पेटीतून दोन वायरी निघतात, एक गियरची, एक रेसची. दांडा मधोमध असला की गियर सुटलेला. थोडा पुढं ढकलला की गियर पडतो, आणखी ढकलला की रेस वाढते. मागं ओढला की बोट उलटी चालते. सायकलच्या ब्रेकची वायर फक्त ओढते, परत न्यायचं काम स्प्रिंग करतो. बोटीची ही वायर ओढतेही आणि ढकलतेही. म्हणून तिची आतली तार जाड आणि ताठ असते. तिला मोठं वळण चालतं, लहान वळण चालत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी चुकलो.

मी घेतलं ते माप मामांच्या हाताचं. बोट वाळूवर ओढलेली, मामा बैठकीवर बसलेले, मी खडूनं खुणा केल्या. दुकानात एका जुन्या बोर्डाची तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट पडली होती. हलकी, गंज लागणार नाही, कापायला सोपी. भिंतीवर दांड्याची जी चार भोकं होती तीच वापरली, म्हणजे बोटीला नवं भोक पाडायला नको. तिथून प्लेट आत आणली, तेरा इंच. तिच्या टोकावर दांड्याची पेटी बसवली. उरलेली वायर बैठकीखाली दुमडून कोंबली. मामांचा पंजा दांड्यावर बरोबर बसला. मी खूश. सोसायटीची चार माणसं काठावर होती, त्यांनी माना डोलावल्या.

बोट पाण्यात घातली. मामा, तो शिकाऊ पोरगा आणि मी. तिघांनी जॅकेटं चढवली. आणि तिथंच पहिली गोष्ट कळली. जॅकेटच्या जाडीमुळं मामांचं कोपर बरगडीला टेकेना. मी माप घेतलं होतं ते सदऱ्यातल्या माणसाचं. पाण्यावरचा माणूस जॅकेटमध्ये असतो. बोटीनं वेग घेतला तशी दुसरी गोष्ट कळली. नाक वर उचललं गेलं आणि मामा बैठकीवर इंच-दोन इंच मागं सरकले. वाळूवर उभ्या बोटीत हे कसं दिसणार? आणि इंजिनाच्या हादऱ्यानं माझी प्लेट थरथरत होती, दांडा हातात नाचत होता.

तरी आम्ही वळण घेतलं. पुढं वाळूचा बेट. मामांनी दांडा मागं घेतला. दांडा आला, रेस आली नाही. इंजिन तसंच ओरडत राहिलं. बैठकीखाली मी कोंबलेल्या वायरला लहान वळण पडलं होतं, तिथं आतली तार अडकली. ओढताना ती आली होती, ढकलताना जाईना. दांडा मध्यावर, गियर सुटलेला की अर्धवट, कोणालाच कळेना आणि बोट आपल्या जोरानं वाळूकडं चाललेली.

मामांच्या डाव्या मनगटाला लाल दोरी बांधलेली होती. अशा इंजिनांना ती असते. चालक पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. मामांनी मनगटाला हिसका दिला. दोरी निघाली, इंजिन थांबलं, आणि बोट वाळूत घुसून उभी राहिली. कोणाला काही लागलं नाही. पोरगा हसायला लागला, ते भीतीनं. मी बराच वेळ काही बोललो नाही. त्या बोटीत एखादी अडलेली बाई असती तर, हा एकच विचार मनात होता.

काठावर सचिव म्हणाला, "झालं समाधान?" त्याचा राग बरोबर होता. त्यानं दांडा परत भिंतीवर लावायला सांगितलं. मी लावला आणि प्लेट घेऊन घरी आलो.

त्या रात्री मला अब्बा आठवले. अब्बा शिकलेले नव्हते, पण काम घेताना आधी माणसाला न्याहाळायचे. एखादा शेतकरी कोयत्याला मूठ बसवायला आला की ते त्याला कोयता चालवून दाखवायला सांगत. आम्हाला म्हणत, "लोहे का नाप बाद में, पहले आदमी का नाप लो. और आदमी का नाप काम करते वक्त लो." मी माणसाचं माप घेतलं होतं, पण काम करताना घेतलं नव्हतं. आणि वायरीचं तर घेतलंच नव्हतं. दांडा एकटा नसतो. तो जिथं जातो तिथं त्याच्यामागं वायर जाते, आणि वायरीच्या टोकाला इंजिन असतं. मूळ कारखान्यानं दांडा भिंतीवर लावला होता तो काही मूर्खपणानं नव्हे. तिथून वायर भिंतीच्या कडेनं मोठ्या वळणानं मागं जाते. तिथं वायरीची सोय पाहिली होती, आणि हात सगळ्यांचे सारखेच असतात असं धरलं होतं. मी हाताची सोय पाहिली आणि वायर विसरलो. दोन्ही सोयी एकदम पाहणं, हे खरं काम होतं.

दोन दिवसांनी मामा पुन्हा दुकानात. मला वाटलं, रागावतील. त्यांनी कोपऱ्यात टाकलेली ती प्लेट उचलली, वाकवून पाहिली आणि विचारलं, "प्लेट चुकली का मिस्त्री चुकला?"

मी म्हटलं, "मिस्त्री."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "प्लेट चुकली असती तं काई इलाज नव्हता."

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी पुठ्ठा. आमच्या वडशात नाटकाच्या जाहिरातींचे जाड पुठ्ठे हवे तेवढे मिळतात. एका सामाजिक नाटकाच्या नायिकेचा अर्धा चेहरा असलेला पुठ्ठा मी कापला, चिकटपट्टीनं बोटीत बसवला. बोट पाण्यात, मामा जॅकेटमध्ये, चाकावर तो पोरगा उभा, आणि दांडा भिंतीवरच. म्हणजे बोट पोरगा चालवतोय आणि मामा नुसते पुठ्ठ्यावर हात ठेवून पुढं-मागं करताहेत. बोट वेगात, बोट वळताना, बोट लाटेवर. जिथं पंजा आपोआप पडे तिथं मी पेननं खूण करत होतो. पंधरा-वीस खुणा झाल्या. त्यांच्या मधोमध दांडा यायला हवा होता. माझ्या पहिल्या मापापेक्षा ती जागा दोन इंच मागं आणि इंचभर बाहेर निघाली.

मग प्लेट. या वेळी भिंतीतून लांबवलेली नाही, तर बैठकीशेजारच्या फायबरच्या पेटीवर उभी केलेली. सहा मिलिमीटरची लोखंडी. आडवी एक, तिच्यावर काटकोनात उभी एक, आणि दोघींच्या मध्ये दोन त्रिकोणी टेकू वेल्ड केले. टेकू नसले तर उभी प्लेट कितीही जाड घ्या, हादऱ्यानं हलतेच. कडा कानशीनं गोल केल्या, कारण बोटीत माणूस अनवाणी असतो आणि घसरतो. आधी रेड ऑक्साइड, मग हिरवा रंग, दोन हात. फायबरला नुसता बोल्ट मारला तर भोक हळूहळू मोठं होतं, म्हणून पेटीच्या आतून बोल्टांखाली दुसरी पट्टी दिली, म्हणजे भार सगळीकडं वाटला जातो. बोल्ट स्टेनलेसचे, नट नायलॉनचा कडा असलेले, हादऱ्यानं सुटू नयेत म्हणून. भोकांत सिलिकॉन भरलं. भिंतीवरची जुनी चार भोकं बंद केली.

आणि वायर. जुनी वायर मोठ्या वळणाला पुरत नव्हती. या वायरीला जोड देत नाहीत, अखंडच लागते. दोन फूट लांब अशा दोन नव्या मागवल्या. त्यांचे पैसे सोसायटीकडून घेतले नाहीत. चूक मिस्त्रीची होती. वायर पेटीतून निघून वीतभर त्रिज्येच्या वळणानं भिंतीकडं गेली आणि पूर्वीच्याच मार्गानं मागं. मग इंजिनाचं झाकण काढून पोरग्याला तिथं बसवलं. मी दांडा पूर्ण पुढं केला, तो ओरडला, "पूर्ण उघडला." मी मागं घेतला, तो ओरडला, "पूर्ण मिटला." असं पन्नास वेळा. गियर सुटलेला असतानाच इंजिन सुरू होतं ना, हेही पाहिलं. गियरमध्ये असताना सुरू झालं तर बोट उडी मारते आणि उभा माणूस पाण्यात जातो. लाल दोरी ओढून पाहिली. रिकाम्या बोटीनं आठ दिवस फेऱ्या मारल्या, काठाजवळ, गुडघाभर पाण्याच्या बाजूनं. त्यानंतर मी सचिवाला सांगितलं की माझ्या शब्दावर जाऊ नका, बोटींतला जाणकार माणूस बोलावून दाखवा. त्यानं दाखवलं. श्रोत्यांपैकी कोणाच्या बोटीत असं काही करायचं असेल, तर एवढी शेवटची गोष्ट वगळू नका. वेल्डिंग येणं आणि बोट येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामा आता बोट चालवतात. पोरगाही चालवतो. त्याला तो दांडा मांडीजवळ असल्यानं काही अडचण झाली नाही. उलट तो म्हणतो, हेच बरं आहे. हे मला नवं होतं. अधू हातासाठी केलेली जागा धड हातालाही बरी पडली.

नंतर विचार करताना लक्षात आलं, की आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली सुरू केलं. कुष्ठरोगानं बोटं झिजलेली माणसं तिथं मागावर कापड विणतात, इतर उद्योग चालवतात. तिथं माणसाला घरी बसवलं नाही, काम माणसाजवळ आणलं. दूरचं उदाहरण जयपूर फूटचं. १९६८ च्या सुमारास डॉक्टर पी. के. सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला. शर्मा कारागीर होते. परदेशी कृत्रिम पायात बूट घालून खुर्चीवर बसता येई, पण उकिडवं बसता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे. आपला माणूस बसतो कसा, चालतो कसा, हे त्या दोघांनी पाहिलं. प्रश्न पायाचा होता तसाच बसण्याचाही होता.

आपण किती सहज म्हणतो, आता याच्याच्यानं काम होत नाही. शाळेत, कचेरीत, घरातसुद्धा. म्हातारीला चूल जमत नाही, मग तिला ओसरीवर बसवा. चूल चार विटांनी उंच करून पाहिली का, हे कोणी विचारत नाही. मामांच्या बाबतीत मीही दुसऱ्यांदा प्रयत्न केला तो त्यांनी प्लेट उचलून आणली म्हणून. नाहीतर मी हरलो होतो, आणि सगळे म्हणाले असते की करून तर पाहिलं. एकदा करून पाहणं हे बहुतेक वेळा न करण्याचंच सभ्य रूप असतं. आणि मामांना जाळ्यांवर बसवलं असतं तर सोसायटीचा एक पगार तेवढा वाचला असता असं नाही. धुक्यातला काठ ओळखणारं ते डोकंही काठावरच बसून राहिलं असतं. तो पोरगा आता त्यांच्या शेजारी बसून नदी शिकतो आहे.

गेल्या हिवाळ्यात मामा पुन्हा दुकानात आले. या वेळी सायकल हातात. टेकवली, चहा घेतला, आणि म्हणाले, "मिस्त्री, याचे दोनी ब्रेक डाव्या मुठीवर घेता येते का?"

मी टेप शोधायला लागलो. मग ठेवून दिला आणि म्हटलं, "मामा, आधी सायकल चालवून दाखवा."

ते रस्त्यावर गेले. मी दुकानाच्या दारात उभा राहून बघत राहिलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)